गोणपाटावरचा कुत्रा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन साजरा होतो. २ जानेवारी १९६१ रोजी राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, त्याची ही आठवण. या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत शाळेची मुले मैदानावर आणून बसवतात, बँड वाजतो, बंदुका दाखवल्या जातात आणि सगळ्यात शेवटी, मुले ज्याच्यासाठी इतका वेळ उन्हात तग धरून असतात, ते श्वानपथक येते. कुत्रा आडव्या दांड्यांवरून उडी मारतो, शिडी चढून पलीकडे उतरतो, कड्यातून झेप घेतो. टाळ्यांचा कडकडाट होतो.

अशाच एका कार्यक्रमाला मी काही वर्षांपूर्वी अलिबागला गेलो होतो. टाळ्या मीही वाजवल्या. पण माझी नजर उडी मारणाऱ्या कुत्र्यावर नव्हती. बाजूला आपापल्या हस्तकाच्या पायाशी बाकीचे कुत्रे बसले होते, त्यांच्याकडे मी पाहत होतो. डोळ्यांदेखत आपला जोडीदार धावतो आहे, पोरे ओरडताहेत, तरी एकाच्याही तोंडातून साधे कुंईदेखील निघत नव्हते. ज्याच्या घरी एकही कुत्रा नाही त्याला यात पाहण्यासारखे काय, असे वाटेल. ज्याच्या घरी एक आहे त्याला थोडेफार कौतुक वाटेल. माझ्या घरी तीन आहेत. मला तो चमत्कार वाटला.

मुंबई-गोवा रस्त्याने एसटीतून जाणाऱ्यांना पेणची रामवाडी नावाने तरी ठाऊक असते. तिथे आमचे घर, घरामागे फणसाचे झाड, त्याच्या पलीकडे भाताचा एक तुकडा. या जागेत गेली काही वर्षे आम्ही ज्याला इंग्रजीत ‘ॲजिलिटी’ म्हणतात तो खेळ खेळतो. आपल्याकडे तो अजून तुरळकच आहे, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्सच्या सुप्रसिद्ध श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना बसवून ठेवायचे कसे, असा प्रश्न आयोजकांना पडला. समितीतले जॉन व्हार्ली आणि कुत्र्यांचे प्रशिक्षक पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून कल्पना उचलली आणि कुत्र्यांसाठी तसाच फड मांडला. लोकांना तो इतका आवडला की मूळ कार्यक्रम बाजूला राहून हा मधल्या वेळचा खेळच जगभर गेला. उड्या, कापडी बोगदा, टायर, सी-सॉ, दोन्हीकडून उतरत्या छपरासारखी फळी आणि एका ओळीत रोवलेल्या बारा काठ्या. त्या काठ्यांतून कुत्र्याने शिवणीच्या टाक्यासारखे एकदा इकडून, एकदा तिकडून जायचे. दोन काठ्यांत अंतर साठ सेंटिमीटर आणि पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी आली पाहिजे. माणसाने बरोबर धावायचे. हाताने, आवाजाने दिशा दाखवायची, पण कुत्र्याला हात लावायचा नाही.

साहित्याला पैसे लागतात असे समजू नये. आमच्या उड्या नळवाल्याकडच्या उरलेल्या प्लॅस्टिक पाइपांच्या आहेत, काठ्या बांबूच्या, टायर स्कूटरचा. पेणला गणपतीच्या कारखान्यांमुळे मूर्ती बांधायचा पेंढा नेहमीच कुठे ना कुठे पडलेला असतो. टायरखाली अंथरायला त्याच्यासारखी गादी नाही. साहित्य एका रविवारी जमले. कुत्री एकाच वेळी तीन आहेत, हे जमायला मात्र दोन वर्षे लागली.

त्या तिघांची ओळख करून देतो. राजा हा लॅब्रॅडोर, थोरला, सगळ्यांत आधी आलेला. टिपी आमच्याच आळीतली, गटाराच्या कडेला जन्मलेली, पांढऱ्या अंगावर काळा टिपका. आणि पवन हा कारवान, म्हणजे मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर शिकारीसाठी पाळतात त्या लांब पायांच्या जातीचा, मुधोळच्या कुत्र्याचा भाऊबंद. राजा पोटासाठी काहीही करतो. टिपीला खाऊ हवा, पण आधी आपला यात काय फायदा हे ती उभी राहून तपासते. पवनला फक्त धावायचे असते. समोर काही हलले की त्याचे कान बंद होतात.

सुरुवातीला माझी पद्धत अगदी साधी होती. एकाला घ्यायचे, दोघांना फणसाला बांधायचे. पाव तास झाला की बदलायचे. पाऊण तासात तिघे झाले, असा माझा हिशेब. बांधलेले दोघे भुंकत, दोरी ताणत, माती उकरत. मी त्याला उत्साह समजत होतो. कुणी विचारले तर अभिमानाने सांगायचो की आमच्या कुत्र्यांना खेळाची इतकी ओढ आहे की थांबवतच नाही.

मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी टिपी बोगद्यातून बाहेर पडली आणि तोंडातला चेंडू घेऊन फणसाजवळून पळाली. पवन अर्धा तास तिथे बांधलेला होता. त्याने झेप घेतली, दोरी तुटली नाही पण गाठ सुटली, आणि पुढच्या क्षणी दोघांचा एकच गोळा झाला. राजा मध्ये पडला. तो भांडायला नव्हे, नेहमीप्रमाणे सोडवायला गेला होता. पण कान त्याचा फाटला. डॉक्टरांकडे चार टाके पडले. पांढऱ्या पट्टीतले डोके घेऊन तो रात्रभर पडवीत बसून होता आणि गंमत म्हणजे पवनच त्याच्या पाठीला पाठ लावून झोपला होता.

त्या रात्री मी पवनच्या नावाने बोटे मोडत होतो. बायको ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अहो, तुम्ही एकाला शिकवता तेव्हा बाकीचे दोघं काय शिकतात, ते कधी बघितलंत का?”

मी बघितले नव्हते. हिशेब केला तर उत्तर सरळ होते. पाऊण तासातला पाव तास प्रत्येक कुत्रा माझ्याबरोबर असे आणि अर्धा तास फणसाजवळ. पाव तासात तो उडी शिकत होता. अर्ध्या तासात तो भुंकायला, ताणायला आणि दुसऱ्याचा राग करायला शिकत होता. आणि हा दुसरा धडा पहिल्याच्या दुप्पट वेळ चालत होता. वर, भुंकून दमला की मी त्यालाच सोडत असे. म्हणजे भुंकण्याची बक्षिसीही मीच देत होतो.

तेव्हापासून माझी आखणी उलटी झाली. आज काय शिकवायचे हे नंतर. ज्याचा नंबर नाही त्याने काय करायचे, हे आधी.

तीन गोणपाटे आणली. प्रत्येकाचे वेगळे, फणसाच्या सावलीत, एकमेकांपासून चार-चार पावलांवर. पहिले तीन आठवडे एकही उडी लावली नाही. फक्त गोणपाटावर जाणे, बसणे, बसून राहणे. आधी एकेकट्याला, मग दोघांना, मग तिघांना. मी एक पाऊल लांब जायचो, परत येऊन खाऊ द्यायचो. मग दोन पावले. मग चेंडू खाली टाकून. शेजारचे लोक कुंपणावरून पाहत आणि निराश होऊन निघून जात. कुत्र्यांची कसरत पाहायला आलेल्यांना एक इसम गोणपाटापासून मागे मागे चालताना दिसत होता.

या विषयावर कोपनहेगनच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ४४ बीगल कुत्र्यांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली: टोपलीत जाऊन बसायचे आणि बसून राहायचे. नेमके आमचे गोणपाट! काहींना रोज शिकवले, काहींना आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. काहींना एका वेळी एकच धडा, काहींना लागोपाठ तीन. आठवड्यातून एक-दोनदा शिकणारे रोज शिकणाऱ्यांपेक्षा कमी धड्यांत शिकले, आणि एकच धडा घेणारे लागोपाठ तीन घेणाऱ्यांपेक्षा बरे ठरले. चार आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात मात्र सगळ्यांच्याच राहिले होते. आम्हा मराठी माणसांना घोकंपट्टीचा फार भरवसा; हे वाचून मला जरा अपमान झाल्यासारखे वाटले. पण ज्याच्याकडे तीन कुत्री आणि एकच जीव आहे त्याला यासारखी सुवार्ता नाही. रोज तिघांना पिळण्याची गरज नाही. सोमवारी टिपी आणि पवन, गुरुवारी पवन आणि राजा, रविवारी तिघे. ज्याचा दिवस नाही त्याचे काही बुडत नाही.

व्हिएन्नाच्या संशोधकांचा २००८ सालचा दुसरा प्रयोग याच्याच शेजारी ठेवायला हवा. दोन कुत्री शेजारी बसवून दोघांनाही पंजा द्यायला सांगायचे. एकाला खाऊ, दुसऱ्याला काहीच नाही. रिकाम्या हाताचा कुत्रा थोड्याच वेळात पंजा देणे बंद करी. एकटा असताना खाऊ नसला तरी तो जास्त वेळ देत असे. शेजारच्याला मिळतो आणि मला नाही, हे त्याला चालत नव्हते. मौज अशी की एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिले तर तक्रार नव्हती. काहीतरी मिळाले म्हणजे झाले. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे शास्त्र नव्याने सांगायला नको.

यातून माझा एक नियम झाला: धावणाऱ्याला एक तुकडा मिळाला तर बसलेल्या दोघांनाही मिळतो. बसणे हेही कामच आहे, त्याची मजुरी वेगळी. खिशात दोन पिशव्या असतात. उजवीकडे उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे, धावणाऱ्यासाठी; डावीकडे पोळीचे, बसणाऱ्यांसाठी. आणि संध्याकाळच्या जेवणातून तेवढे वजा करायचे, नाहीतर लॅब्रॅडोरचा पिंप व्हायला वेळ लागत नाही. पुढचा नंबर कुणाचा, तर जो गप्प आहे त्याचा. नाव घेऊनच बोलवायचे. ‘चल’ म्हटले की तिघे उठतात. ‘टिपी, चल’ म्हटले की टिपीच उठली पाहिजे. हे तीन शब्दांचे काम वाटते. आम्हाला पावसाळा लागला.

आता आखणीकडे येतो. वही घालायला लागलो तेव्हा घरात हसू झाले, पण तीन कुत्र्यांचे डोक्यात राहत नाही. आदल्या रात्री प्रत्येकाच्या नावापुढे एकच ओळ लिहायची. ‘टिपी – बोगद्यातून निघाल्यावर डावीकडे वळणे.’ ‘पवन – सहा काठ्या, चालीने.’ एकच, दोन नाहीत. प्रत्येकाला पाच मिनिटे, आणि घड्याळ बायकोच्या हातात, कारण मी ‘एकदाच आणखी’ म्हणणाऱ्या जातीचा आहे. त्या ‘एकदाच आणखी’मध्येच कुत्रा चुकतो आणि चुकलेले लक्षात घेऊन झोपतो. लागोपाठ तीनदा चुकला तर दोष मांडणीचा समजून काठी खाली घ्यायची किंवा अंतर कमी करायचे. धडा संपल्यावर दुसरी ओळ: काय झाले. दोन महिन्यांनी ती पाने उलटली तेव्हा दिसले की पवन रविवारी नेहमीच वाईट धावतो. रविवारी कुंपणापाशी पोरे क्रिकेट खेळतात. एवढे कळायला वही लागली.

मांडणीची युक्ती मला सगळ्यांत उशिरा सापडली. आधी मी प्रत्येक कुत्र्यासाठी सगळे अडथळे हलवीत असे. दहा मिनिटे पाइप ओढायचे, पाच मिनिटे शिकवायचे, आणि तेवढा वेळ तिघे ताटकळत. आता एकच मांडणी तिघांना पुरवतो. दोन उड्या, त्यांच्यापुढे वळता बोगदा, बाजूला सहा काठ्या. टिपीला बोगद्यानंतरचे वळण शिकायचे तर ती उडी-बोगदा-उडी करते. पवन उड्यांकडे न जाता फक्त काठ्या करतो. जागचे काही हलवायचे नाही; हलते ती फक्त उडीची आडवी काठी. तीही सगळ्यांत खालून सुरू करायची आणि वर न्यायची, म्हणजे पुन्हा खाली-वर करावे लागत नाही. स्पर्धांत मोठ्या कुत्र्यांना पंचावन्न-साठ सेंटिमीटरची उडी असते, पण सरावाला तिची गरज नाही. वळायला शिकायचे असेल तर गुडघ्याएवढी काठी पुरते आणि सांधे वाचतात. वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर उंच उडी देऊच नये. हाडांची टोके तेव्हा कच्ची असतात. मोठ्या जातींना दीड वर्षापर्यंत थांबलेले बरे.

इंग्रजी पुस्तकांत जे सापडत नाही ते म्हणजे आपले हवामान. त्यांच्याकडे हिरवळ बारा महिने. आमच्याकडे चैत्रात जमीन तव्यासारखी आणि आषाढात अंगणभर शेवाळ. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. हवा दमट असली की तेही नीट होत नाही, आणि कोकणातली हवा दमट नसते कधी? निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. चाळिसाच्या वर गेले की धोका सुरू होतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या की ओळ पुरी झाली नसली तरी वही मिटायची, सावलीत न्यायचे आणि अंगावर पाणी घालायचे. मार्च ते मेमध्ये आम्ही सकाळी सातच्या आत संपवतो. आपला तळवा जमिनीवर सात-आठ सेकंद टेकवून पाहायचा. आपल्याला सोसत नाही ते त्यांच्या पंजांनाही सोसत नाही. पोट भरलेले असताना तर कधीच पळवायचे नाही. पवनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि मग तासाभराचाही उशीर परवडत नाही.

पावसाळ्यात उड्या बंद. पडवीत तीन गोणपाटे, नावाने उठणे, डावे-उजवे वळणे, एवढेच. आणि खरे सांगू, वर्षातले सर्वांत चांगले शिक्षण त्याच चार महिन्यांत होते. दिवाळीनंतर भात कापले की शेताचा तुकडा मोकळा होतो. पण धसकटे पंजात घुसतात, म्हणून आधी कुदळ घेऊन तेवढा पट्टा साफ करावा लागतो. याच सुमाराला घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. त्यांची कुत्री कळपाच्या कडेला पसरून पडलेली असतात. एक उठून पाहून येतो, बाकीचे डोळा उघडून पुन्हा मिटतात. त्यांच्यासाठी कुणी गोणपाट घातलेले नसते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा थोडा वेळ वही घरी विसरल्यासारखे वाटले.

पोलिसांच्या कुत्र्यांची तुलना आपल्या घराशी करण्यात अर्थ नाही, हेही मला पुढे कळले. तिथे कुत्र्याला त्याचा ठरलेला हस्तक असतो. तो खाऊ घालतो, तोच काम घेतो. आमच्याकडे एका माणसाच्या वाट्याला तीन कुत्री आणि एका कुत्र्याच्या वाट्याला माणसाचा तिसरा हिस्सा. आणि मैदानावर टाळ्या मिळतात उडीला, पण पोलीस कुत्र्याचे खरे काम नाकाचे. मुंबई पोलिसांचा जंजीर वाचकांना आठवत असेल. पुण्याच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा लॅब्रॅडोर. फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले गेले, मार्चमध्ये मुंबई हादरली, आणि त्यानंतरच्या शोधात याचे नाव झाले. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब त्याने हुडकल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. त्याला इतमामाने निरोप दिला गेला.

जंजीरची आठवण निघाली ती राजामुळे. कानाचे टाके निघाले, पण त्याच वेळी डॉक्टरांनी त्याचे मागचे पाय हलवून पाहिले आणि खुब्याचे सांधे झिजल्याचे सांगितले. लॅब्रॅडोरमध्ये हे दुखणे नेहमीचेच. उड्या कायमच्या बंद. मी त्याच्या नावापुढची ओळ वहीतून काढून टाकली. मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली की राजाला घरात ठेवून दार लावायचे. त्याचे भलेच केले, असे मला वाटत होते.

दाराला खालून जी फट आहे तिथे तो नाक लावून पडून राही. भुंकत नसे. महिनाभराने त्याने सकाळचे खाणे अर्धे टाकायला सुरुवात केली. तपासणीत काही निघाले नाही. एका रविवारी बायकोने मला न विचारता दार उघडले. तो लंगडत बाहेर आला, पवन आणि टिपीच्या मधून गेला आणि आपल्या गोणपाटावर जाऊन बसला. तिथे त्याला कुणी बोलावले नव्हते. उठायला सांगायचे माझ्या जिवावर आले.

वहीत राजाचे नाव पुन्हा आले. त्याच्यासाठी काठ्या दुप्पट अंतरावर रोवतो, म्हणजे पाठीला पीळ पडत नाही. उडीचे पाइप जमिनीवर आडवे ठेवतो. त्यांच्यावरून तो एकेक पाय उचलून चालतो. शेवटी चार पुठ्ठ्यांच्या खोक्यांपैकी एकाखाली सुक्या बोंबलाचा तुकडा लपवतो. खुबे झिजले तरी नाक झिजत नाही. खोके सापडले की तो त्यासमोर बसतो आणि माझ्याकडे वळून पाहतो. टिपीला ज्या कामाला चाळीस सेकंद लागतात त्याला राजा चार मिनिटे घेतो. त्याच्या वेळी घड्याळ लावायचे नाही, असे बायकोने ठरवून टाकले आहे.

परवाच्या रविवारी तो असाच काठ्यांतून निघाला होता, तिसरीपाशी थांबला, हवेत काहीतरी हुंगले, पुन्हा चालू लागला. टिपी गोणपाटावर डोळे मिटून पडली होती. पवन बसलेला होता, अंगभर थरथरत, शेपटी पेंढ्यावर आपटत, पण तोंडातून आवाज नाही. राजा खोक्यांपर्यंत पोहोचला तोवर पवनचे पुढचे दोन्ही पंजे गोणपाटाच्या बाहेर आले होते. मी डाव्या खिशात हात घातला आणि ते न पाहिल्यासारखे केले.